बिल भरले, देणे फिटले का?



रविवारच्या सायंकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात हल्ली एक प्रश्न वारंवार कानी पडतो, "मग, आज घरी की बाहेर?" एके काळी हॉटेलात जेवणे ही चैन समजली जाई. आजाऱ्याला मुंबईच्या इस्पितळात दाखवायला नेले तर परतताना स्टेशनजवळ इडली नाहीतर मिसळपाव, एवढीच आपल्या वसईतील अनेक घरांची हॉटेलशी ओळख होती. आता वाढदिवस, दहावीचा निकाल, पहिला पगार, गल्फमधून सुट्टीवर आलेला मुलगा, असे कोणतेही निमित्त पुरते. काहीच नसले तरी "आज आईला सुट्टी" हे निमित्त असतेच.

यात वाईट काही नाही. उलट, एरवी ज्या घरात चार माणसे चार वेळांना जेवतात, ती तासभर एका टेबलाभोवती बसतात, हे चांगलेच आहे. प्रभू येशूसुद्धा जेवणाच्या आमंत्रणांना आनंदाने जात असे. शुभवर्तमानात तो लेवीच्या घरी, शिमोन परुश्याच्या घरी, मार्था आणि मरिया यांच्या घरी जेवताना आपल्याला भेटतो. त्याच्या विरोधकांनी तर त्याला खादाड म्हणण्यापर्यंत मजल मारली होती! तेव्हा हॉटेलात जाऊ नका, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिथे आपल्याला कोण वाढतो आणि त्याचे आपण काय लागतो, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू या.

हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो आपल्या धर्मग्रामातील एका आईने. काही दिवसांपूर्वी त्यांचे कुटुंब लग्नाच्या वाढदिवसानिमित्त बाहेर जेवायला गेले होते. जेवण झाले, बिल आले, वडिलांनी पैसे ठेवले. निघताना आईने सातवीतल्या मुलाला सांगितले, "काकांना थँक्यू म्हण." मुलगा म्हणाला, "कशाला? पप्पांनी बिल भरले ना? आणि ते तर त्यांचे कामच आहे." वडील हसले, म्हणाले, "बरोबर आहे त्याचे." आईला ते पटले नाही, पण उत्तरही सुचेना. "फादर, त्याचे चुकले असे मला वाटते, पण काय चुकले ते सांगता येत नाही," असे त्या म्हणाल्या.

माझ्या मते या मुलाने एक गंभीर नैतिक प्रश्न विचारला आहे. ज्या गोष्टीचे पैसे मोजले, तिच्याबद्दल कृतज्ञ राहण्याचे कारण उरते का?

मुलाच्या बोलण्यातील सत्य

मुलाला दटावण्यापूर्वी त्याचे म्हणणे नीट ऐकू या. तो म्हणतो ते इतकेच, की एकाने जेवण दिले, दुसऱ्याने ठरलेले पैसे दिले, हिशेब पुरा झाला. तत्त्वज्ञानात याला देवघेवीचा न्याय म्हणतात. ज्याचे जेवढे तेवढे त्याला देणे, कमी नाही आणि जास्त नाही. हा न्याय कोरडा वाटतो, पण त्याला तुच्छ लेखू नका.

आपल्या देशात तर मुळीच नको. जेवणाच्या पंगतीत कोणी कोठे बसायचे, कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, कोणाला अंगणातच वाढायचे, हे आपल्याकडे शतकानुशतके जन्मावरून ठरत आले. म्हणून तर आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला तिथे मज्जाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. हॉटेलात शिरताना आपल्याला कोणी आडनाव विचारत नाही. मेनू कार्डावरची किंमत सर्वांना सारखीच असते. ज्याच्या आजोबांना गावच्या पंगतीत बाजूला बसवले जाई, तो आज मधल्या टेबलावर बसून जेवतो आणि कोणाचे उपकार न घेता ताठ मानेने बाहेर पडतो. बिलाने दिलेली ही प्रतिष्ठा लहान नाही.

दुसरी गोष्ट. वाढणाऱ्या माणसाला आधी हवा असतो तो त्याच्या कामाचा दाम. आपले गोड बोलणे नंतर. संत याकोब आपल्या पत्रात मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या श्रीमंतांना बजावतो, की ती अडवलेली मजुरीच ओरडते आहे आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचला आहे. हॉटेलातही न्यायाची पहिली पायरी तीच आहे. हॉटेले, ढाबे आणि चहाच्या टपऱ्या येथे चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर आपल्या देशात १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने, कुटुंबाच्या उद्योगाला मदत करण्यासारखे मोजके अपवाद सोडून, ही बंदी सर्वच कामांना लागू केली. ज्या हॉटेलात टेबल पुसणारा पोऱ्या आपल्या सातवीतल्या मुलाहून लहान दिसतो, तिथे त्याला प्रेमाने थँक्यू म्हणून भागणार नाही. तिथे मालकाला विचारावे लागेल. न्यायाची जागा गोडव्याने भरून निघत नाही.

तर मुलाचे निम्मे म्हणणे खरे आहे. व्यवहार चोख असावा आणि तो चोख झाला की त्याची भीड बाळगण्याचे कारण नाही. मग चुकते कोठे?

बिलात न लिहिलेल्या गोष्टी

टेबलावर आलेले बिल पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणा. दोन सूप, एक सुरमई, एक चिकन, सहा रोट्या, एक राइस, पाण्याच्या बाटल्या, खाली जीएसटी आणि एकूण रक्कम. आता त्या तासाभरात प्रत्यक्षात काय काय घडले ते आठवा. आजीला खुर्चीत बसताना त्रास होतो हे पाहून त्याने न सांगता खुर्ची मागे ओढली. धाकटीने पाणी सांडले तेव्हा कपाळावर आठी न आणता त्याने टेबल पुसले. आपण दोनदा ऑर्डर बदलली आणि तो दोन्ही वेळा "काही हरकत नाही" म्हणाला. भाजी तिखट आहे का, असे विचारल्यावर "मुलांना तिखट लागेल, ती नको, ही घ्या," असे त्याने खरे ते सांगितले. यातील एकही गोष्ट बिलावर नाही.

तेराव्या शतकातील थोर तत्त्ववेत्ते संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या सुम्मा थिऑलॉजिका या ग्रंथात कृतज्ञतेवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. त्यात ते असा प्रश्न घेतात, की ज्याच्यावर सेवा करण्याची सक्तीच आहे अशा दासाचे आभार मानण्याचे मालकाला कारण काय? आपल्या मुलाचा प्रश्न तो हाच, सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी विचारलेला! उत्तर देताना ते रोमन विचारवंत सेनेकाचा आधार घेतात. त्याचा आशय असा, की दास त्याच्याकडून अपेक्षित असते तेवढे करतो तोवर ती सेवा असते; त्याहून अधिक काही करतो तेव्हा तो उपकार ठरतो. आणि उपकार करणारा दास असला तरी त्याची कृतज्ञता बाळगलीच पाहिजे.

ज्या काळी माणसे विकली आणि विकत घेतली जात, त्या काळातील हा विचार आहे हे लक्षात घ्या. गुलामालाही काही देता येते, कारण त्याचे मन मालकाच्या मालकीचे नसते, ही त्यामागची जाणीव आहे. मग पगारावर काम करणाऱ्या स्वतंत्र माणसाबद्दल तर बोलायलाच नको. हॉटेलमालक त्याचे तास विकत घेतो. त्याचे पाय, त्याचे हात त्या तासांत राबतात. पण त्याचा सोशिकपणा, त्याचे सौजन्य, आजीकडे गेलेले त्याचे लक्ष हे पगारपत्रकात बसत नाही. ते तो स्वतः देतो. जे विकत घेता येत नाही, त्याची किंमत चुकती केली असे म्हणता येत नाही.

संत थॉमस आणखी एक सुंदर गोष्ट सांगतात. उपकाराची परतफेड करताना वस्तूच्या किमतीपेक्षा देणाऱ्याच्या मनाकडे पाहावे. मनाची परतफेड मनाने करावी आणि ती लगेच करावी. तिला खिशात पैसे असावे लागत नाहीत. सातवीतल्या मुलालासुद्धा ती करता येते.

'त्याचे कामच आहे'

इथे कोणी अभ्यासू वाचक पवित्र शास्त्र उघडून मला अडवील. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशूने एक दाखला दिला आहे. शेत नांगरून किंवा मेंढरे राखून नोकर घरी आला, तर धनी त्याला "ये, आधी जेवायला बस" असे म्हणतो का? की "माझे जेवण तयार कर, कमर कसून मला वाढ आणि मग तू जेव" असे म्हणतो? सांगितलेले काम केल्याबद्दल तो त्या नोकराचे आभार मानतो का? मग त्या मुलाचेच म्हणणे येशूलाही मान्य होते काय?

दाखला शेवटपर्यंत वाचला की उत्तर सापडते. येशू आपल्या शिष्यांना धन्याच्या खुर्चीत बसवत नाही, तो त्यांना नोकराच्या जागी उभे करतो. सर्व काही करून झाल्यावर तुम्ही स्वतःबद्दल असे म्हणा, की आम्ही साधे नोकर आहोत, आमचे कर्तव्य होते तेवढेच आम्ही केले. ही शिकवण सेवा करणाऱ्याने स्वतःला लावायची आहे. सेवा घेणाऱ्याने ती दुसऱ्याला लावायची नाही.

वाक्य एकच असते, पण ते कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. वाढणारा म्हणतो, "त्यात काय, माझे कामच आहे," तेव्हा ती नम्रता असते. जेवणारा म्हणतो, "त्यात काय, त्याचे कामच आहे," तेव्हा तो उर्मटपणा होतो. घरातही तसेच नाही का? रात्री दोनदा उठून तापलेल्या बाळाच्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी आई म्हणते, "माझे बाळच आहे ते." हेच वाक्य नवऱ्याने म्हटले तर कसे वाटेल? मुलाचे चुकले ते इथे. जे बोलण्याचा हक्क वाढणाऱ्याचा होता, ते त्याने जेवणाऱ्याच्या खुर्चीतून बोलून टाकले.

आणि त्याच लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, येशूने या दाखल्याची दुसरी बाजूही दाखवली आहे. रात्री उशिरा लग्नावरून परतणारा धनी आपले नोकर जागे असल्याचे पाहतो तेव्हा स्वतः कमर कसतो, त्यांना जेवायला बसवतो आणि त्यांना वाढतो. असा धनी त्या काळी कोणी पाहिला नव्हता. शिष्यांनी तो पाहिला शेवटच्या भोजनाच्या रात्री. आपल्यात मोठा कोण, यावर शिष्य भांडत होते, तेव्हा येशूने त्यांना विचारले, की मोठा कोण, जेवायला बसलेला की वाढणारा? जग म्हणते, बसलेला. आणि मी मात्र तुमच्यामध्ये वाढणारा आहे, असे तो म्हणाला.

काना गावचे वाढपी

ख्रिस्तसभेने हे मनावर घेतले त्याची खूण आपल्या रोजच्या शब्दांत आहे. धर्मगुरू होण्यापूर्वी प्रत्येक उमेदवार आधी डिकन होतो. डिकन हा शब्द ग्रीक भाषेतील 'दियाकोनोस' या शब्दापासून आला आणि त्या शब्दाचा अर्थ सेवक. जेवणाच्या टेबलाशी उभा राहून वाढणाऱ्यालाही तोच शब्द. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले गेले. परंपरा त्यांना पहिले डिकन मानते. म्हणजे वेदीवरची सेवा आणि टेबलावरची सेवा यांचे नाव एकच आहे.

काना गावच्या लग्नातही हाच शब्द येतो. सहा दगडी रांजणांत ज्यांनी काठोकाठ पाणी भरले, त्या सेवकांना संत योहान दियाकोनोस म्हणतो. द्राक्षारस चाखल्यावर भोजनाच्या कारभाऱ्याला तो कोठून आला हे कळले नाही. त्याने नवऱ्या मुलाला बोलावून त्याची स्तुती केली. नवऱ्या मुलालाही काही ठाऊक असल्याचे शुभवर्तमान सांगत नाही. योहान आवर्जून लिहितो, की ज्यांनी पाणी काढले होते त्या सेवकांना मात्र ते ठाऊक होते. पाहुणे प्याले आणि खूश झाले. चमत्कार मात्र वाढप्यांनी पाहिला! त्या रात्री ज्यांची कोणी दखल घेतली नसेल, त्यांच्या हातून येशूने आपले पहिले चिन्ह घडवले. आपल्या टेबलाशी पाण्याचा जग घेऊन कोणी उभा राहतो, तेव्हा ही गोष्ट आठवायला हवी.

टिप म्हणजे काय?

"फादर, आम्ही टिप ठेवतो," असे आता काही जण म्हणतील. चांगले आहे, ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, की हॉटेलांनी बिलात सेवा शुल्क परस्पर जोडू नये, ते देणे न देणे ग्राहकाच्या इच्छेवर असावे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. याचा आपल्यापुरता अर्थ असा, की आता आपण जे अधिक देऊ ते आपल्या मनाने दिलेले असेल. मग प्रश्न मनाचाच उरतो. पाहुण्यांना दिसेल अशी मोठी नोट ठेवली, तर ती वेटरसाठी नसून पाहुण्यांसाठी असते. तासभर त्याच्याकडे मान वर करून पाहिले नाही आणि जाताना नोट टाकली, तर ती पैसे देऊन सुटका करून घेणे असते. चेहऱ्याकडे पाहून, दोन शब्द बोलून दिलेले वीस रुपये कधी कधी त्याहून मोठे असतात. अर्थात, नुसते दोन शब्द बोलून वीस रुपये वाचवण्याची सबब म्हणून मात्र माझे हे वाक्य कोणी वापरू नये!

जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७८५ साली मांडलेला एक नियम इथे उपयोगी पडतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तो म्हणतो. त्यातील 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण सारेच एकमेकांची साधने असतो. रिक्षावाला आपल्याला स्टेशनावर पोहोचवतो, वेटर ताट आणतो, धर्मगुरूही लग्न लावण्यासाठी लागतोच. यात गैर काही नाही. पण ताट आणणारा हात दिसतो आणि त्या हातामागचा माणूस दिसत नाही, तेव्हा तो केवळ साधन झालेला असतो. आपण त्याला हाक कशी मारतो, यावरूनच ते कळते. शुकशुक, टिचकी, "ए छोटू" किंवा चमच्याने ग्लासवर टकटक, या हाका ताटाला मारलेल्या असतात, माणसाला नव्हे.

आईला सुट्टी, मग कोणाला काम?

रविवार हा प्रभूचा दिवस, विश्रांतीचा दिवस. आईला त्या दिवशी चुलीपासून सुट्टी मिळावी हे योग्यच आहे. पण आईची सुट्टी आकाशातून पडत नाही. तिच्या वाटणीचे काम त्या संध्याकाळी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाते आणि तोही कोणाचा तरी मुलगा, नवरा, बाप असतो. अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा देताना परमेश्वराने हे स्पष्ट केले आहे, की तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात तर रविवारच्या संदर्भात उपाहारगृहांचा थेट उल्लेख आहे. अशा ठिकाणी काही जणांना रविवारी काम करावे लागते, हे तो ग्रंथ मान्य करतो. पण त्यांनाही पुरेसा विसावा मिळाला पाहिजे आणि आपण इतरांकडून अनावश्यक मागण्या करून त्यांचा प्रभुवार हिरावून घेऊ नये, असेही सांगतो. रात्री हॉटेल बंद व्हायच्या बेताला बारा जणांनी जाऊन बसणे ही अशीच एक मागणी आहे.

आपल्या जुन्या पंगतीची इथे आठवण होते. लग्नघरी मांडवात आळीतली तरुण मुलेच वाढपी असत. पंगतीमागून पंगती उठत. सर्वांत शेवटी वाढप्यांची पंगत बसे आणि तिला वाढायला घरचा यजमान स्वतः उभा राही. "दमलात पोरांनो, सावकाश जेवा," असे म्हणून तो आग्रह करी. त्या पंगतीत सारेच चांगले होते असे नाही. घरच्या बायका तर वाढप्यांच्याही नंतर, उरलेसुरले जेवत. पण वाढणाऱ्यालाही भूक असते आणि त्यालाही कोणीतरी वाढायचे असते, हे ती शेवटची पंगत सर्वांना दाखवून देई. हॉटेलात ही शेवटची पंगत आपल्या नजरेआड बसते. बसते की नाही, हेही आपल्याला कळत नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या पस्तिसाव्या प्रकरणात स्वयंपाकघरातील सेवा सर्व बंधूंनी आठवड्याच्या पाळीने करावी असे सांगितले आहे. त्यातच एक बारीकशी सूचना आहे. ज्यांची वाढण्याची पाळी असेल, त्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकर आणि पेय जादा द्यावे, म्हणजे इतरांना वाढताना त्यांना त्रास होणार नाही आणि ते कुरकुरणार नाहीत. एवढा मोठा संत, पण भुकेल्या पोटी दुसऱ्याचे भरलेले ताट वाहून नेताना काय होते, हे त्याला ठाऊक होते.

आपलीच मुले

आणि बंधुभगिनींनो, हा प्रश्न परक्यांचा नाही. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुले-मुली हॉटेल मॅनेजमेंट शिकून दुबईत, दोह्यात, मोठमोठ्या जहाजांवर नोकरीला आहेत. कोणत्या तरी टेबलाशी ती या क्षणी उभी असतील. तिथे त्यांना कोणी टिचकी वाजवून बोलावले, तर आपल्या काळजाला काय होईल? मग आपल्या महामार्गावरच्या हॉटेलात बिहार, ओडिशा किंवा नेपाळातून आलेला जो मुलगा आपल्याला वाढतो, त्याचीही कोठेतरी आई आहे. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद झाली तेव्हा हीच माणसे कामावाचून आणि जेवणावाचून अडकली. मे महिन्यात वसई रोड स्थानकातून श्रमिक गाड्या सुटू लागल्या, तेव्हा गावी जाण्यासाठी उन्हात ताटकळणारी गर्दी आपण पाहिली. वर्षानुवर्षे आपल्याला वाढणाऱ्यांत किती जणांची नावे आपल्याला ठाऊक होती?

आता काही साध्या गोष्टी. पुढच्या वेळी बाहेर जेवायला जाल तेव्हा वाढणाऱ्याचे नाव विचारा आणि त्या नावाने हाक मारा. ऑर्डर देताना मोबाइल खाली ठेवा. पानात टाकाल एवढे मागवू नका. तक्रार असेल तर जरूर सांगा, पण त्याच्या पगारातून पैसे कापले जातील अशा बेताने सांगू नका. आणि मुलांना थँक्यू म्हणायला शिकवताना ते का म्हणायचे हेही सांगा. दिवंगत पोप फ्रान्सिस मे २०१५ मध्ये कुटुंबांना म्हणाले होते, की 'कृपया', 'धन्यवाद' आणि 'माफ करा' हे शब्द घरात जिवंत ठेवा. ज्या घरात आईने वाढलेल्या ताटाला धन्यवाद मिळत नाही, त्या घरातील मूल हॉटेलात ते कोठून आणणार?

शेवटी आपल्या चर्चच्या हॉलविषयी. पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराचे समारंभ जवळ आले की हॉलच्या तारखा भरतात. केटररची मुले दुपारपासून राबतात आणि पाहुणे गेल्यावर, रात्री उशिरा, मागच्या बाजूला भांड्यांजवळ उभ्याने जेवतात. पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीत मी असे सुचवणार आहे, की यापुढे हॉल घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने दोन गोष्टी पाळाव्यात. पाहुणे येण्यापूर्वी वाढणाऱ्यांना चहा आणि काहीतरी पोटाला द्यावे. आणि समारंभ आटोपल्यावर त्यांच्यासाठी टेबले मांडून, ज्या मुलाने वा मुलीने त्या दिवशी प्रथमच प्रभूच्या मेजवानीत भाग घेतला, तिने किंवा त्याने आईवडिलांसोबत त्यांना वाढावे. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. ख्रिस्तप्रसाद म्हणजे काय, हे त्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण वर्षभर सांगतो. त्या अर्ध्या तासात ते त्यांच्या हातांनाही कळेल.

परमेश्वर आपल्या सर्वांच्या घरातील अन्नाला, ते रांधणाऱ्या आणि वाढणाऱ्या हातांना आशीर्वाद देवो.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू